मेंदूतलं हाड

संपादकांनी विषय दिला तो ‘मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे आजार’, आणि अट घातली सोप्या भाषेची. विषय मी थोडा वळवून घेतला आहे. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘कॅल्सिफिकेशन’ हा शब्द दिसला की रुग्णाच्या घरचे पहिला प्रश्न विचारतात तो असा : कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या का? विचारणाऱ्याचा यात काही दोष नाही. हाडात कॅल्शियम असतं हे शाळेत शिकवलेलं, गोळीच्या पाकिटावर कॅल्शियम लिहिलेलं, आणि मेंदूच्या फोटोत जे पांढरं दिसलं तेही कॅल्शियमच. मग गोळीतलंच तिथे जाऊन बसलं असणार. बोअरचं पाणी तापवून तापवून गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तसंच हे. हाड आणि रक्तवाहिनी या दोन्हींवर काम करणाऱ्या आम्हा लोकांची निम्मी शक्ती हे एक चित्र पुसण्यात जाते आणि ते पुसलं जात नाही, याचा आता थकवा येऊ लागला आहे. म्हणून एकच गोष्ट सांगतो. वाहिनीच्या भिंतीत क्षार बसू नये म्हणून शरीर रात्रंदिवस झटत असतं. ते झटणं कुठे कमी पडलं की भिंत हाडाच्या वाटेनं जाऊ लागते. पोटात किती कॅल्शियम गेलं, हा हिशेब त्यात फार मागे येतो.

आधी रिपोर्टमधल्या पांढऱ्या रंगाबद्दल, कारण सगळंच पांढरं आजाराचं नसतं. मेंदूच्या मधोमध असलेली पिनियल ग्रंथी वयाबरोबर कडक होते आणि स्कॅनमध्ये ठिपक्यासारखी चमकते. त्यात काळजीचं काही नाही. आपल्या देशात एकट्या पांढऱ्या ठिपक्याचं नेहमीचं कारण म्हणजे पट्टकृमीची मेलेली अळी. त्यानं आकडी येऊ शकते, पण रक्तवाहिनीशी त्याचा संबंध नाही. मी ज्याबद्दल लिहितो आहे ते चित्र वेगळं दिसतं. मेंदूच्या खोल भागात, ज्याला बेसल गँग्लिया म्हणतात तिथे, डावीकडे आणि उजवीकडे आरशातल्यासारखे सारखे डाग, आणि बऱ्याचदा लहान मेंदूच्या आतही तसेच. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हे डाग मज्जापेशींचे नसून बारीक वाहिन्यांचे निघतात : केसाहून बारीक नळीच्या अंगाला ओळीनं लागलेले गोल, खडबडीत मणी, आणि जुन्या डागांत ते एकमेकांना चिकटून झालेले खडे. फ्रान्समध्ये डेलाकूर यांनी 1850 साली असं वर्णन केलं होतं. नाव मात्र लागलं फार या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाचं, ज्यांचा लेख 1930चा आहे.

आता गोळ्यांच्या समजुतीविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी काम करेनाशा झाल्या की रक्तातलं कॅल्शियम खाली येतं; बोटं आखडतात, ओठांभोवती मुंग्या येतात, फिट येते. कॅल्शियमची एवढी टंचाई असलेल्या माणसाच्या मेंदूत काहीच साचायला नको. प्रत्यक्षात हेच डाग या रुग्णांमध्ये भरपूर सापडतात. दिल्लीच्या एम्समध्ये या आजाराच्या रुग्णांचा मोठा गट अभ्यासला गेला, तेव्हा जवळजवळ तीन-चतुर्थांश जणांच्या बेसल गँग्लियात ते दिसले. रक्तात कॅल्शियम कमी आणि मेंदूत जास्त, हे गिझरच्या चित्रात कुठे बसवायचं? बसत नाही, कारण या आजारात दुसरी एक गोष्ट वाढलेली असते : फॉस्फेट. पॅराथायरॉइडचं हार्मोन मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकायला लावतं. हार्मोन गेलं की फॉस्फेट रक्तात तुंबतं. हाडाचा क्षार कॅल्शियम आणि फॉस्फेट दोघांचा मिळून होतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण बोलताना फॉस्फेट कायम विसरलं जातं.

इथे थोडं रसायन सांगणं भाग आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेट आपल्या रक्तात इतक्या प्रमाणात असतात, की हाडाच्या क्षाराचा एखादा स्फटिक तयार मिळाला तर तो वाढतच जाईल. म्हणजे अवघं शरीर दगडी होण्याच्या उंबरठ्यावर उभं आहे, आणि जन्मभर तिथेच थांबतं. धमन्या कडक का होतात, यापेक्षा त्या कडक का होत नाहीत हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो. त्याच्या उत्तराचा पहिला तुकडा हर्बर्ट फ्लाइश यांनी 1960च्या दशकात शोधला. पाण्यातल्या क्षाराचा थर नळांत बसू नये म्हणून कारखाने ज्या फॉस्फेटांच्या साखळ्या वापरत, त्यांच्यातलाच सगळ्यात छोटा रेणू, पायरोफॉस्फेट, रक्तात आणि लघवीत आधीपासूनच असतो आणि स्फटिकाला वाढू देत नाही. यकृतात तयार होणारं फेट्युइन-ए हे प्रथिन कॅल्शियम-फॉस्फेटचे कण वेटोळून रक्तात तरंगत ठेवतं. तिसरा पहारेकरी वाहिनीच्या भिंतीतच राहतो, त्याचं नाव मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन. 1997 साली ज्या उंदरांमधून या एका प्रथिनाचं जनुक काढून टाकलं, ते दोन महिन्यांच्या आत मेले. त्यांच्या धमन्या कडक होऊन फुटल्या होत्या. त्यांना कुणी जादा कॅल्शियम दिलं नव्हतं.

याच्या उलट बाजूनं केलेला प्रयोग मला आजही विलक्षण वाटतो. हाडातच हाड का होतं, कातडीत का होत नाही? कोलॅजनचे धागे तर दोन्हीकडे आहेत. 2005 साली दाखवून दिलं गेलं, की हाडात त्या धाग्यांच्या जोडीला पायरोफॉस्फेट तोडणारं एक एन्झाइम असतं, अल्कलाइन फॉस्फेटेज. तेच एन्झाइम उंदराच्या कातडीत तयार करायला लावलं, तर कातडीतही क्षार बसला. नवा क्षार आणावा लागला नाही. पहारा उठवला एवढंच.

पण पहारा उठणं एवढ्यावर गोष्ट संपत नाही, आणि इथेच माझ्या क्षेत्रातला जुना वाद सुरू होतो. लॉस एंजेलिसमध्ये मार्शल युरिस्ट यांनी 1965 साली हाडातला क्षार आम्लात विरघळवून उरलेला मऊ सांगाडा जनावराच्या स्नायूत बसवला, आणि तिथे नवं हाड उगवलं. म्हणजे हाड करण्याची आज्ञा त्या मऊ भागात होती. त्या आज्ञेला पुढे बीएमपी, म्हणजे हाड घडवणारी प्रथिनं, असं नाव मिळालं. 1993 साली त्याच शहरातल्या एका गटाला माणसाच्या कडक झालेल्या धमनीत हेच प्रथिन सापडलं. नंतर बशीत वाढवलेल्या वाहिनीच्या स्नायूपेशींना जास्त फॉस्फेट दिल्यावर त्या स्वतःचं स्नायूपण सोडून हाडपेशींची जनुकं चालू करताना दिसल्या. त्यावरून आमच्यापैकी बऱ्याच जणांनी जाहीर करून टाकलं, की धमनीत जे होतं ते हाडच होतं. विरोधकांचा आक्षेप असा : तुम्ही खुणा पाहता, हाड नव्हे. मेंदूतल्या त्या मण्यांत ना अस्थिमज्जा असते, ना हाडाची थरांची रचना. शिवाय क्रम उलटा असला तर? आधी क्षार बसला, आणि त्या खड्याला पेशींनी हाडासारखा प्रतिसाद दिला, तर? हा आक्षेप हलका नाही. ग्ला प्रोटीन नसलेल्या उंदरांवरच्या पुढच्या कामात, हाडपेशींच्या खुणा उमटण्याआधीच धमनीच्या लवचीक पापुद्र्यांवर क्षार बसायला लागलेला दिसला. तेव्हा ‘धमनीत हाड होतं’ हे विधान सरसकट करायला नको होतं, आणि मीही ते गरजेपेक्षा जास्त वेळा केलं आहे.

तरीही मेंदूच्या बाबतीत मी माघार घेणार नाही. त्याला कारण अलीकडचं काम आहे. काही कुटुंबांत हे डाग पिढ्यान्‌पिढ्या येतात. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फेट, पॅराथायरॉइड सगळं ठीक असतं. त्यातल्या कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही, काहींचं चालणं, बोलणं, मनःस्थिती बिघडत जाते. 2012 साली चीनमधल्या अशा कुटुंबांत पहिलं जनुक सापडलं, आणि ते निघालं पेशीत फॉस्फेट आत घेणाऱ्या दाराचं. 2015 साली फॉस्फेट बाहेर सोडणाऱ्या दाराचं जनुकही सापडलं. मधल्या 2013 साली दोन वेगळ्याच जातीची जनुकं मिळाली, ज्यांच्या सांगण्यावरून केशवाहिनी आपल्याभोवती आधाराच्या पेशी बोलावून घेते. म्हणजे एका बाजूला फॉस्फेटची ने-आण, दुसऱ्या बाजूला वाहिनीची बांधणी, आणि परिणाम एकच. झ्युरिकमध्ये ॲनिका केलर यांच्या गटानं यातला दुसरा दोष असलेले उंदीर पाहिले. त्यांच्या मेंदूतल्या खड्यांभोवती हाड बांधणाऱ्या पेशींच्या खुणा होत्याच, पण हाड कुरतडणाऱ्या पेशींच्याही होत्या. मला हे निर्णायक वाटतं. गिझरच्या थराला कुणी कुरतडत नाही. बांधणं आणि कुरतडणं शेजारी शेजारी चालतं ते जिवंत हाडात. त्याच गटानं 2021 साली आणखी पुढची गोष्ट दाखवली : मेंदूच्या सफाईपेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, या खड्यांना वेढून बसतात, आणि त्या पेशी काढून टाकल्या तर खडे वाढतात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण जो खडा शेजारच्या पेशी असण्या-नसण्यावर वाढतो, त्याला निव्वळ साका म्हणता येणार नाही. आणि क्षार आधी की पेशी आधी, या वादाचा निकाल कसाही लागला तरी रोखणारा हात ढिला पडला होता हे दोन्ही पक्षांना मान्यच करावं लागतं.

मग हाडाची आज्ञाच औषधानं बंद का करू नये? हा प्रश्न जाणकार वाचक विचारतील, आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त छळतो तोही हाच. ग्ला प्रोटीन नसलेल्या त्याच उंदरांना आणखी एक आजार होतो : धमन्या आणि शिरा मधल्या केशवाहिन्यांना वगळून थेट एकमेकींना जोडल्या जातात, मेंदूतसुद्धा. माणसांत अशा गुंत्यांतून मेंदूत रक्तस्राव होतो. ज्या आनुवंशिक आजारात नाकातून वारंवार रक्त येतं आणि मेंदूत-फुप्फुसात असे गुंते होतात, त्याची जनुकं बीएमपीच्याच घराण्यातला निरोप ऐकणारी आहेत, आणि तिथे तो निरोप कमी पडलेला असतो. म्हणजे जी आज्ञा जास्त झाली तर भिंत हाडाकडे झुकते, ती कमी झाली तर वाहिनीचा घाटच बिघडतो. हाडाचे तज्ज्ञ एका परिषदेत बसतात, मेंदूच्या वाहिन्यांचे दुसऱ्या, आणि रेणू मात्र एकच. अनुदानाच्या अर्जावर विषयाची एकच चौकट भरावी लागते, तेव्हा ही फाळणी किती महाग पडते ते कळतं.

गोळ्यांबाबतचा उरलेला आक्षेपही टाळायचा नाही. ऑकलंडच्या संशोधकांनी 2008 आणि 2010 साली दाखवलं, की नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके थोडे जास्त होते. दुसरीकडे अमेरिकेत 36 हजारांहून अधिक स्त्रियांवर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची सुमारे सात वर्षं चाचणी झाली. तिच्यात ना पक्षाघात वाढला, ना हृदयाच्या धमन्यांतला क्षार. वाद अजून मिटलेला नाही, आणि गरज नसताना गोळ्या घेऊ नयेत हे मी मानतो. पण त्या वादातून मेंदूतल्या डागांचं कारण सापडत नाही. तीच गत के जीवनसत्त्वाची. ग्ला प्रोटीनला काम करायला के लागतं हे खरं. म्हणून ते कुपीत भरून ‘धमन्या साफ होतात’ असं विकलं जातं. डेन्मार्कमध्ये 365 पुरुषांना दोन वर्षं के-2 आणि ड दिलं, हृदयाच्या झडपेतला क्षार वाढायचा तसाच वाढला. आणि वॉर्फरिन हे गुठळ्या टाळणारं औषध के जीवनसत्त्वाला रोखतं असं कुठेतरी वाचून कुणी ते परस्पर थांबवलं, तर क्षार राहील बाजूला आणि गुठळी मेंदूत जाईल. क्षार म्हणजे नेहमी वाईटच, हेही खरं नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन घेणाऱ्यांच्या धमन्यांत क्षार वाढलेला दिसतो आणि झटके कमी होतात. तिथे मऊ, फुटू पाहणारा थर कडक होऊन जागच्या जागी बसतो.

फ्लाइश यांच्या पायरोफॉस्फेटवरून जी औषधं निघाली, त्यांतलं एटिड्रोनेट हे जुनं औषध मेंदूतल्या या डागांसाठी पुन्हा हातात घेतलं गेलं आहे. त्यामागचा विचार मला पटतो, कारण ते कॅल्शियमशी भांडत नाही, हरवलेला पहारा परत उभा करतं. पण जास्त मात्रेत तेच औषध खऱ्या हाडातही क्षार बसू देत नाही आणि हाड मऊ पडतं. मेंदूतलं हाड आणि मांडीचं हाड यांत फरक करणारं औषध आमच्याकडे नाही.

तोवर रिपोर्ट हातात आल्यावर करण्यासारखी गोष्ट स्वस्त आहे : रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड हार्मोन, या तीन तपासण्या. त्यातून पॅराथायरॉइडची कमतरता निघाली तर ती उपचारानं आटोक्यात येते, आणि त्या उपचारात कॅल्शियमची गोळी असतेच. अशा रुग्णानं डाग पाहून घाबरून ती गोळी सोडली, तर डाग आहेत तिथेच राहतात आणि थोड्याच दिवसांत त्याची बोटं आखडायला लागतात.