होडीचं काय झालं?

त्या पानावर किती थांबायचं, हे माझं अजून ठरत नाही. मुलगा खोड तोडून, होडी करून निघून गेलाय. बुंधा तेवढा उरलाय. इथवर दर वेळी मुलाला काही देऊन झाडाला आनंद झाला असं बिनदिक्कत सांगणारा लेखक पहिल्यांदाच स्वतःच्या वाक्याला शंकेची शेपटी जोडतो. पान लगेच उलटलं, तर शंका ऐकूच येत नाही. रेंगाळलं, तर इथे वाईट वाटून घ्यायचंय हे मुलांना कळतं, आणि शहाणी मुलं लगेच तोंड पाडून बसतात. आवाज खाली आणला की निकाल मीच देऊन टाकलेला असतो.

शेल सिल्व्हरस्टीनचं ‘द गिव्हिंग ट्री’ न्यू जर्सीतल्या आमच्या लायब्ररीत स्टोरीटाइमला मी वर्षानुवर्षं वाचतेय. 1964 साली ते आलं. त्याआधी विल्यम कोल या संपादकाने ते मुलांसाठी फार उदास आहे म्हणून परत केलं होतं. पुढे चर्चमधल्या प्रवचनकारांनी ते उचललं आणि त्याच्यावर औदार्याचा शिक्का बसला. सिल्व्हरस्टीन ‘प्लेबॉय’मध्ये व्यंगचित्रं काढणारा, जॉनी कॅशने गाजवलेलं ‘अ बॉय नेम्ड सू’ लिहिणारा माणूस. संस्कारवर्ग काढायला तो बसलाच नव्हता. दोघांचं नातं आहे, एक देतो, दुसरा घेतो, एवढंच तो म्हणायचा.

माझी एक हौस सांगते. मागच्या रांगेतल्या आयांनी डोळे पुसले की वाचन रंगलं असं मी धरायची. समोरची चार-पाच वर्षांची मुलं नुसती बघत असायची, पण माझं लक्ष मागे. खरं तर उदारता शिकवायला हे पुस्तक इथेच लंगडं पडतं. झाड व्हायची पाळी त्या वयात येतच नाही, मुलं सगळी घेणाऱ्याच्या जागी असतात. आणि घेणाऱ्याने कसं वागावं, यावर पुस्तक गप्प आहे.

हल्ली स्टोरीटाइम म्हणजे हातबाहुल्या, युकुलेली आणि शेवटी ‘मग आपण काय शिकलो?’ त्या प्रश्नाची मला चीड आहे. टोफर पेन या अटलांटाच्या नाटककाराने 2020 मध्ये ‘द गिव्हिंग ट्री’चा शेवट बदलून झाडाला ‘नाही’ म्हणायला लावलं. विचार बरोबर आहे. पण त्यात थांबावं असं एकही पान नाही. मार्कुस फिस्टरचा ‘रेनबो फिश’ (1992) तर मला व्यवहारच वाटतो: चकचकीत खवले वाटा, मित्र मिळवा. पोरं बोटाने ती चमकी चोळत बसतात, वाचणारा कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

यंदा खांदा आखडला. पुस्तक हात लांब करून धरणं अशक्य झालं. मग मराठी मंडळातल्या ओळखीची, लायब्ररी सायन्स शिकणारी एक मुलगी शेजारी बसून पुस्तक धरू लागली. मी वाचायचं, पानं तिने उलटायची.

“काकू, उलटायचं कधी?”

“मी मान हलवली की.”

त्या पानावर मी मान हलवली. तिने पान उलटलं नाही. पुन्हा हलवली. ती मुलांकडे बघत होती. माझ्या हिशेबाने थांबणं कधीच संपलं होतं, आता नुसता खोळंबा होता. मुलं चुळबुळ करून पुन्हा शांत झाली, तेव्हा कुठे तिने पान उलटलं. म्हातारा झालेला मुलगा परत आला आणि पुढची एक मुलगी म्हणाली, “होडीचं काय झालं?”

हे मला कधी सुचलं नव्हतं. चित्रं झाडापाशीच थांबतात. फांद्यांचं घर दिसत नाही, खोडाची होडी समुद्रात दिसत नाही. दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं, हे झाडाला कळत नाही आणि आपल्यालाही. मग मुलं आपसात बोलू लागली. बुडाली असेल, विकली असेल, दुसऱ्या कुणाला दिली असेल. त्या दिवशी मागे कुणी डोळे पुसले नाहीत, आणि ते मला लागलं.

लायब्ररीच्या ‘उदारता’ यादीतून मी हे पुस्तक काढायला लावलंय. ‘घेणं’ अशी यादी कुणी केली, तर त्यात ते पहिलं असावं.

पुढच्या महिन्यात ते एकटीने वाचू का, असं तिने विचारलं. मी तिच्या हातात ‘रेनबो फिश’ ठेवलं.