दगड कोणी उचलायचे?

ड्रायव्हर लोकांची रस्त्यावर एक वेगळीच भाषा असते. समोरच्या ट्रकने दोनदा डिपर मारला, की पुढे काहीतरी अडचण आहे, गाडी हळू घ्या. रस्त्यात बाभळीची हिरवी फांदी दिसली, की पुढे गाडी बंद पडली आहे. ही भाषा कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत, पण तिने कितीतरी जीव वाचतात.

२००९ सालची गोष्ट. लग्न आटोपून आम्ही दाजींच्या टेम्पोतून येवल्याहून मनमाडला निघालो होतो. रात्रीचे अकरा वाजले असतील. समोरच्या ट्रकने डिपर दिला. दाजींनी वेग कमी केला. वळणापुढे पाटा तुटलेला मालट्रक उभा, ड्रायव्हर एकटाच. दाजींनी टेम्पो रस्त्याखाली घेतला, बायकामुलांना लांब बसवले. आम्ही फांद्या आणल्या, ट्रकमागे दगड मांडले आणि मनमाडला पोहोचल्यावर मिस्त्रीला निरोप दिला. चांगले काम केले, या समाधानात मी झोपलो.

तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतलो. ट्रक गेला होता, दगड मात्र तिथेच होते. आदल्या रात्री एक मोटारसायकल त्यांवर आदळून पोराचा पाय मोडल्याचे चहाच्या टपरीवर कळले. ते दगड मी माझ्या हाताने मांडले होते. दाजी काहीच बोलले नाहीत. आम्ही दोघांनी उरलेले दगड बाजूला टाकले.

तेव्हापासून मी वस्तीतल्या प्रत्येक टेम्पो-रिक्षावाल्याला सांगतो : दगड नको, लाल चमकणारा त्रिकोण ठेवा. गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवा. गाडीच्या मागे उभे राहू नका, रस्त्याच्या खाली उतरा. रात्री निर्जन जागी एकटे असाल तर थांबू नका, पण तसेच निघूनही जाऊ नका. पुढच्या ढाब्यावरून ११२ ला फोन करा. कोणी जखमी असेल तर १०८ ला. पोलिसांच्या भीतीने तोंड फिरवू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्याचे संरक्षण आहे.

आणि गाडी सुरू झाली, की निघण्याआधी एकदा मागे वळून बघा. आपण मांडलेली खूण आपणच उचलायची. ती उचलली, की मग मदत पूर्ण झाली.