नवी की जुनी?

मैत्रिणींनो, कुकरची शिटी बिघडली तर आपण शिटी बदलतो, कुकर नाही. त्यामुळे विजेवरची स्कूटर घ्यायचं ठरल्यावर मी आधी वापरलेली शोधायला निघाले, यात नवल ते काय!

मी सांगलीहून मिरजेच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते. जाऊनयेऊन वीसएक किलोमीटर. पगारातून बाजूला टाकलेले आणि भिशीचे मिळून 55 हजार जमले होते. विश्रामबागेतल्या एका गृहस्थांची तीन वर्षं वापरलेली स्कूटर 40 हजारांत मिळत होती. रंग चकचकीत, सीटही धड. हे म्हणाले, "घेऊन टाक. शिकताना एकदोनदा पडणारच तू, जुनी असलेली बरी."

शेजारच्या वहिनी मात्र म्हणाल्या, "पूर्ण चार्ज करून दिवसभर फिरवून बघ." पेट्रोलच्या गाडीचं दुखणं आवाजावरून कळतं, बॅटरी बिचारी बोलत नाही. मालक भले, त्यांनी गाडी दिली. एका चार्जमध्ये 70 किलोमीटर जाते म्हणाले होते. मिरजेच्या दोन फेऱ्या होताहोताच ती धापा टाकू लागली! नव्या बॅटरीचे मेकॅनिकने 30 हजार सांगितले. म्हणजे झाले 70. लहान बॅटरीची कोरी स्कूटर 85 हजारांना होती, वर बॅटरीची तीन वर्षांची हमी.

रात्री हिशेबाची वही ह्यांच्यापुढे ठेवली. "एवढे पैसे?" हे म्हणाले.

"तुमची मोटारसायकल घेताना जुनी पाहिली होती का आपण?"

हे गप्प झाले. पण खरं सांगू? तो प्रश्न मलाही तितकाच होता. स्वतःसाठी म्हटलं की स्वस्तातलं शोधायची सवय माझीच!

उरलेले 30 हजार हप्त्यांवर घेतले. हप्ता माझ्या पगारातून आणि आरसीवर नावही माझं.

जुनी घेऊच नका, असं नाही हं. पण रंगावर भुलू नका. पूर्ण चार्जवर स्वतः चालवून किलोमीटर मोजा. नव्या बॅटरीची किंमत आधी विचारा आणि ती जुन्या गाडीच्या किमतीत मिळवून पाहा. उरलेली हमी आपल्याला लागू होते का, चार्जर मूळचाच आहे का, कागद आपल्या नावावर होतील का, हेही विचारून घ्या.

आणि हो, पहिल्याच आठवड्यात मी फाटकाशी पडले. गाडीला लांबलचक ओरखडा गेला. वाईट वाटलं, पण कुणाला जाब द्यावा लागला नाही. गाडी माझीच होती ना!