पायांची वर्दी

तोल सांभाळणे ही मनुष्याने शैशवात एकदा कमावलेली आणि पुढे आजन्म आपोआप हाती राहणारी मिळकत आहे, हा समज इतका दृढमूल आहे की, महिना-दीड महिना बाजेवर पडून असलेला रुग्ण उभा राहताच झोकांड्या खाऊ लागला म्हणजे घरची माणसे अशक्तपणाला दोष देतात, दूध-तूप वाढवतात आणि त्याला पुन्हा निजवतात. भौतिकोपचाराच्या व्यवसायात बीड जिल्ह्यातील गावे हिंडताना मला याहून अधिक क्लेश देणारी गोष्ट आढळलेली नाही. कारण ही माया खरी असते, आणि तिच्यातून होणारी हानीही तितकीच खरी असते.

देह सरळ उभा राहतो तो मज्जासंस्थेकडे तीन वाटांनी येणाऱ्या वार्तांच्या आधाराने. डोळे भोवताल दाखवतात, अंतःकर्ण डोक्याची हालचाल व कल सांगतो, आणि तळपाय, घोटे व पिंढऱ्या भार कोठे कलला याची क्षणाक्षणाची वर्दी देतात. निजलेल्या माणसाचा कान गुरुत्वाकर्षण जाणतच राहतो. तळपायांवरचा भार मात्र पार नाहीसा होतो. ज्या गावाहून वर्दी येईनाशी झाली, त्या गावाचे दप्तर सदर कचेरीने बासनात बांधून ठेवावे, तशी मज्जासंस्था पायांविषयी बेखबर होते. आणि पुढे वर्दी सुरू झाली तरी घोट्यांना सावरण्याचा हुकूम पोहोचेपर्यंत देह कललेला असतो.

म्हणून मी प्रत्येकास प्रथम विचारतो, “बप्पा, अंधारी येते, का झोक जातो?” बहुतेकांचे उत्तर एकच असते, “भवंड यायलीय.” परंतु हे दोन विकार निराळे आहेत. पडून राहिल्याने रक्तातील द्रव घटतो व रक्तदाब सावरणारी मज्जातंतूंची यंत्रणा मंदावते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी वा अधिक उतरला, तर ती अंधारी रक्ताची, आणि अशा रुग्णास तत्काळ बसवावे. दाब स्थिर असूनही झोक जात असेल, तर त्यास निजवणे म्हणजे त्याच्या व्याधीलाच खतपाणी घालणे होय.

अतिविश्रांतीच्या अनर्थाविषयी इंग्लंडातील डॉक्टर रिचर्ड आशर यांनी १९४७ सालीच कळकळीने लिहिले होते. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाचांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांची श्रमशक्ती वयोमानाने जितकी घटली होती, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांत घटली होती, असे आढळले. तरुणांची ही गत, तर सत्तरीतल्या देहाची काय कथा!

आमच्या जिल्ह्यात दसरा उलटला की कर्ती माणसे ऊसतोडीला कारखान्यांकडे निघून जातात आणि घरी वृद्ध मागे राहतात. खुब्याचे हाड मोडून, अंबाजोगाईसारख्या ठिकाणी शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या आजीला शेजारीण भाकर बाजेवरच आणून देते, आणि हाड सांधले तरी आजी उठत नाही. अशा वेळी माझी चिकित्सा अत्यंत साधी असते: बाजेच्या कडेला बसवून तळपाय जमिनीस टेकवणे, मग भिंतीशी उभे करणे, मग अनवाणी पावलांनी प्रथम सपाट फरशीवर व नंतर अंगणातील खडबडीत भुईवर चालवणे, आणि हे सारे कोणीतरी हाताच्या अंतरावर असतानाच. यास आठवडे लागतात, आणि त्या अवधीत धीर सुटतो तो रुग्णाआधी घरच्यांचा.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी भार देण्याची मुभा दिली असेल, तर घरच्यांनी एवढे अवश्य करावे: रुग्णाचे ताट बाजेवर नेऊ नये; त्यास हात देऊन उठवावे, पाय जमिनीला टेकवून बसवावे, आणि मगच वाढावे.