तीनचा आकडा

माझी सेन्सिटिव्हिटी तीन. हे मी गेली वीस वर्षं रक्तगट सांगावा तसं सांगत आलोय.

२००४ साली कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो, तासाला वीस रुपये देऊन. मशिनवर बसलो की आधी आकडा बघायचा. कुणी बदलून ठेवला असला तर त्याला मनातल्या मनात दोन शिव्या द्यायच्या, परत तीन करायचा, मग बाकी सगळं. हात बसला होता त्या आकड्यावर. निदान मला तसं वाटायचं.

पुढे नोकरी, लग्न वगैरे. असो. आता शनिवारी रात्री आम्ही तेच चार जुने मित्र काउंटर-स्ट्राइक २ खेळतो, चौघं चार गावांत बसून. आठवड्यातून एवढ्याच वेळी आमचं बोलणं होतं, आणि तेही बहुतेक "अरे मागे बघ, मागे!" एवढंच. पण गेल्या वर्षापासून माझं मनगट दुखायला लागलं. खेळून उठलो की रविवारी चहाचा कप डाव्या हातात. नेमही पार गेलेला. डस्ट २ वर लाँगच्या दारात समोरचा उभा असायचा आणि माझी खूण त्याच्या डोक्यावरून सरकून भिंतीवर. वय झालं, असं म्हणून मी सोडून देणार होतो. मित्रांना काय सांगायचं, तेही ठरवलं होतं. ऑफिसचं काम वाढलंय म्हणून!

दिवाळीत भाचा आला होता. तो मागे उभा राहून पाच मिनिटं बघत होता. मग म्हणाला, "मामा, पट्टी आहे का घरात?"

त्याने भिंतीवरच्या एका डागावर खूण धरली, आणि पूर्ण गिरकी घेऊन परत त्याच डागावर येईपर्यंत माउस सरळ उजवीकडे नेला. मोजलं. सतरा सेंटिमीटर आणि थोडं. मग मला हिशोब समजावला. माउसचा एक टिपका म्हणजे गेममध्ये ०.०२२ अंश गुणिले सेन्सिटिव्हिटी. तीनवर पूर्ण गिरकीला साधारण ५४५५ टिपके लागतात. माझा माउस इंचाला ८०० टिपके मोजणारा, म्हणजे पावणेसात इंचांच्या जरा वर. पट्टीचं आणि गणिताचं जुळलं.

"आणि कॅफेतला माउस किती डीपीआयचा होता?"

आता हे कुणाला माहीत! पण तेव्हाचे स्वस्त ऑप्टिकल माउस बहुतेक ४०० च्या आसपासचे असायचे. म्हणजे त्याच तीनवर तेव्हा गिरकीला जवळजवळ पस्तीस सेंटिमीटर लागायचे. मी आकडा जपला आणि अंतर निम्मं झालं. (त्यात विंडोजची ती पॉइंटर प्रिसिजनवाली खूण, जी चालू असेल तर माउस जोरात ओढल्यावर कर्सर अजूनच पुढे पळतो. ती कॅफेत चालू होती की बंद, देव जाणे. त्यामुळे पस्तीस तरी नक्की का, हेही सांगता येत नाही.)

दीड केलं. पहिले तीन शनिवार भयानक गेले. मागे वळायला गेलो की अर्ध्यातच माउस टेबलाच्या कडेला, आणि मी मेलेला. मित्र फिदीफिदी हसत होते. भाच्याने फोनवर एकच तंबी दिली होती, "मामा, महिनाभर आकड्याला हात लावायचा नाही." मी एकदा लावला. सव्वादोन करून बघितलं, गुपचूप. परत दीडवर आणलं.

मग टेबलावरचा प्रिंटर खाली ठेवला, कीबोर्ड तिरका केला, मोठा माउसपॅड आणला. आता माउस मनगटाने नाही, कोपरापासून हलतो. बायको म्हणाली, पोळपाटावर बसल्यासारखा दिसतोस.

लाँगच्या दारात अजूनही मरतो. पण आता दोघांपैकी एखादा पाडून मरतो. आणि परवाच्या रविवारी चहा उजव्या हाताने घेतला, हे अर्धा कप संपल्यावर लक्षात आलं.