भिंतीवरचा पैलवान

रिओ ऑलिंपिकमध्ये 19 ऑगस्ट 2016 ला 74 किलो गटाच्या फ्रीस्टाइल कुस्त्या झाल्या. फ्रान्सच्या झेलिमखान खाजिएवशी नरसिंग यादवची पहिली कुस्ती लागली होती. ती झालीच नाही. आदल्या दिवशी क्रीडा लवादाने उत्तेजकाच्या प्रकरणात नरसिंगवर चार वर्षांची बंदी घातली आणि त्या गटात भारताकडून कुणीही मॅटवर उतरलं नाही.

त्या रात्रीचा निरोप आमच्या धावड्यापर्यंत यायला वेळ लागला नाही. धावडा म्हणजे जालना जिल्ह्याचं अगदी वरचं टोक, भोकरदन तालुका, अजिंठ्याच्या डोंगराला लागून. मका, कपाशी आणि मिरची यांवर चालणारं गाव. इथल्या पोरांना ऑलिंपिकचं अप्रूप फारसं नव्हतं. गदा मात्र त्यांच्या ओळखीची. महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतलेला मल्ल हा इकडच्या पोराच्या डोळ्यांत सगळ्यात मोठा माणूस असतो, आमदारापेक्षा आणि कलेक्टरपेक्षाही. नरसिंगने ती गदा 2011, 2012 आणि 2013 अशी लागोपाठ तीन वेळा उचलली. असं त्याच्याआधी कुणी केलं नव्हतं.

तालमीत आतल्या भिंतीवर मारुतीची तसबीर, आणि तिच्या खाली पोरांनी खळ लावून चिकटवलेली वर्तमानपत्रातली कात्रणं. त्यात नरसिंगचं मोठं कात्रण होतं, फेटा बांधलेलं. माती खणून भुसभुशीत करताना उडणारा लाल धुरळा त्यावर बसून कागद तांबूस झाला होता. पोरं आधी मारुतीला हात जोडायची, मग जोर मारायला लागायची, आणि शेवटच्या जोरांना दंड थरथरायला लागले की मान वर करून त्या कात्रणाकडे बघायची. हे मी कैक वेळा पाहिलं आहे. नरसिंग मूळचा इकडचा नाही, आईबाप उत्तर प्रदेशातले, वडील मुंबईत दूध घालायचे, पोरगा जोगेश्वरीत वाढला आणि कांदिवलीच्या केंद्रात घडला, ही माहिती पोरांना पाठ होती. दुधाच्या धंद्यातला बाप ही गोष्ट त्यांना फार जवळची वाटायची. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी पहाटे धार काढून दूध डेअरीवर जातं.

मग 2015 चं लास वेगास आलं. जागतिक स्पर्धेत नरसिंगने कांस्यपदक मिळवलं आणि त्याच पदकाने भारताला 74 किलोत ऑलिंपिकची जागा मिळाली. त्या वजनात दुसरा दावेदार होता सुशील कुमार, बीजिंगचं कांस्य आणि लंडनचं रौप्य नावावर असलेला. चाचणी कुस्ती घ्या, जिंकेल तो जाईल, अशी त्याची मागणी. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि जून 2016 मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. आमच्या पारावर तेव्हा ही कोर्टकचेरी भाऊबंदकीतल्या बांधाच्या भांडणासारखी चघळली गेली. कुस्ती कोर्टात कशाला, लावा की मातीत, असं म्हणणारे जुने लोक होते. आणि जागा ज्याने मिळवली त्याचीच, असं म्हणणारी पोरं होती. मी पोरांच्या बाजूचा होतो आणि अजूनही आहे.

पुढच्याच महिन्यात, जुलैत, बातमी आली. सोनीपतच्या सरावकेंद्रात घेतलेल्या नमुन्यांत नरसिंगच्या शरीरात मेथँडियनोन सापडलं. हे स्नायू फुगवणारं स्टेरॉइड आहे. त्याच्या खोलीतला जोडीदार मल्ल संदीप यादव याच्याही नमुन्यात तेच. नरसिंगने सांगितलं की माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं. त्याने पोलिसांत तक्रार केली, एका तरुण मल्लावर बोट ठेवलं. 1 ऑगस्टला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने त्याचं म्हणणं मान्य करून त्याला मोकळं केलं. गावात त्या दिवशी पेढे वाटले गेले. पण जागतिक संस्थेने त्याविरुद्ध लवादाकडे दाद मागितली, आणि रिओतच सुनावणी झाली.

लवादाच्या निकालातली एक गोष्ट मला आजही टोचते, कारण ती भावनेची नाही, हिशेबाची आहे. पहिल्या नमुन्यात त्या द्रव्याचं प्रमाण इतकं होतं की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीतून येणं शक्य नाही, एक-दोन गोळ्या पोटात गेल्या असल्या पाहिजेत, असं तज्ज्ञाने सांगितलं. कटाची गोष्ट शक्य असेल, पण ती सिद्ध करायला पुरावा नाही, आणि जास्त शक्यता अशी की द्रव्य जाणून घेतलं गेलं, असं लवादाचं मत पडलं. ही फौजदारी कोर्टाची रीत नव्हे. उत्तेजकांच्या नियमात उलटी चाल आहे. शरीरात सापडलं की खेळाडू जबाबदार, आणि निर्दोष असल्याचं दाखवणं त्याच्याच माथी. नियम कडक आहे, पण तो नसता तर प्रत्येक पकडलेला मल्ल 'कुणीतरी कालवलं' म्हणून सुटला असता.

कात्रण त्याच आठवड्यात फाटलं. कुणी फाडलं ते कुणी सांगितलं नाही. भिंतीवर खळीचे चार पिवळट डाग आणि कागदाचा एक कोपरा तेवढा राहिला. वस्तादांनी विचारलंही नाही. त्यांच्या न बोलण्याचं मला वाईट वाटलं. तालमीत तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची आठ-दहा पोरं होती आणि त्यांना कुणीतरी बसवून सगळं सांगायला हवं होतं. न सांगितल्याने त्यांनी आपापली गोष्ट रचली. काहींची गोष्ट अशी की दिल्लीवाल्यांनी आपल्या माणसाला बुडवलं. बाकीच्यांची अशी की सगळेच घेतात, हा सापडला इतकंच. पहिली गोष्ट पोरांना कडवट करते. दुसरी त्यांना पोखरते, आणि मला भीती दुसरीची आहे.

जत्रेच्या मातीत लबाडी नव्हती असं मी म्हणणार नाही. नुरा कुस्ती आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दोन नामांकित मल्ल आधीच ठरवून लढायचे, इनामाची वाटणी करायचे, आणि वीस मिनिटं खडाखडी करून बरोबरीत सुटायचे. पण फड गोल असतो आणि माणसं दहा हातांवर बसलेली असतात. हलगी वाजत असते, समोरचा म्हातारा स्वतः कधीकाळी लढलेला असतो. पट काढायची संधी असताना हात मागे घेतला की त्याला कळतंच. एका जत्रेत मी पाहिलं आहे, गुलालाने माखलेल्या दोन मोठ्या पैलवानांनी तसं सुरू केल्यावर मागून एक म्हातारा उठला, फडात आला, आणि दोघांच्या मधे काठी आडवी धरून उभा राहिला. हलगी थांबली. पंचांनी निकाल दिलाच नाही, इनामाचा नारळ परत देवळात गेला. त्या मल्लांना पुढच्या वर्षी कुणी बोलावलं नाही. लबाडी, साक्षीदार आणि शिक्षा, तिन्ही एकाच जागी, एकाच दुपारी.

मोठ्या खेळात हे तिन्ही एकमेकांपासून फार लांब गेले. 16 मे 2013 ला दिल्ली पोलिसांनी आयपीएलमधल्या राजस्थानच्या तीन खेळाडूंना पकडलं. त्यात श्रीशांत होता, अजित चंडिला होता, आणि आपल्या मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण होता. ठरलेल्या षटकात ठरल्याइतक्या धावा देण्याचा आरोप. स्टेडियमभर बसलेल्या हजारो माणसांपैकी कुणाला ते षटक वेगळं दिसलं असेल? क्रिकेट मंडळाने सप्टेंबरमध्ये अंकितवर आजन्म बंदी घातली. जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केलं. मंडळाची बंदी तरी उठली नाही. ती सात वर्षांवर आली आणि त्याला परत खेळायची मोकळीक मिळाली, तेव्हा 2021 साल उजाडलं होतं. कोर्ट एक सांगतं, मंडळ दुसरं, आणि लोकांच्या डोक्यात अटकेच्या दिवशीचा फोटो तेवढा राहतो. गोलंदाजाचं उमेदीचं वय त्यात निघून जातं.

म्हणून पडलेल्या खेळाडूंना एकाच पोत्यात भरायची आपली सवय मला खटकते. सुशीलचं प्रकरण बघा. 4 मे 2021 च्या रात्री दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मारहाण झाली, त्यात सागर धनखड हा तरुण मल्ल जिवाला मुकला आणि खुनाच्या आरोपाखाली सुशीलला अटक झाली. एका आईबापाचा मुलगा गेला. याच्या शेजारी बंदी घातलेल्या गोळीची गोष्ट ठेवताच येत नाही. आणि 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत जे झालं ते आणखी वेगळं. दोनदा केसरी झालेला शिवराज राक्षे उपांत्य लढतीत पृथ्वीराज मोहोळकडून चितपट झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, चित्रफीत बघा, असं शिवराज म्हणत राहिला. ऐकलं गेलं नाही तेव्हा त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांवर चिडून कुस्ती अर्धवट सोडून खाली उतरला. दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी आली.

ती लाथ सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिली. मला तिचं समर्थन करता येत नाही. पंचावर पाय उगारणारा मल्ल माझ्या मनातून उतरतो, तो कितीही मोठा असो. पण शिवराजच्या चुकीत लपवालपवी नाही. राग होता, तो उघड होता, शिक्षा झाली. चित्रफीत पाहण्याची त्याची मागणी मात्र रास्त होती. पाठ टेकली की नाही, एवढाच तर कुस्तीचा सगळा सवाल असतो. तो तंटा लाथेच्या धुरळ्यात गाडला गेला याचं मला लाथेइतकंच दुःख आहे.

नरसिंगचं मात्र अवघड आहे, कारण तिथे काहीच उघड नाही. 2020 मध्ये त्याची बंदी संपली तेव्हा त्याने तिशी गाठली होती. तो मॅटवर परतला, पुढे 2024 मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्षही झाला. शिक्षा भोगून झाली, माणूस कामाला लागला. त्याच्या तीन गदांचं काय, असं मला पोरं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. त्या गदा त्याच्याच. ज्या कुस्त्यांबद्दल काही सिद्ध झालं नाही त्या मागे जाऊन पुसायचा हक्क आपल्याला नाही. आणि 2016 चा निकालही त्याचाच, तोही पुसायचा नाही. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं 2010 चं सुवर्ण सांगायचं, लास वेगास सांगायचं, आणि लगेच सोनीपतही सांगायचं. कात्रण भिंतीवर राहिलं असतं तर त्याच्याखाली हे सगळं लिहिता आलं असतं. फाटलेल्या कागदाखाली काय लिहिणार?

हे मी इतक्या तळमळीने लिहितो आहे, कारण गोळी आता सोनीपतला राहिलेली नाही. 2023 मध्ये आपल्या देशात 5,606 नमुने तपासले गेले आणि त्यातले दोनशेंहून जास्त दोषी निघाले. एवढ्या चाचण्या करणाऱ्या देशांत इतकं वाईट प्रमाण दुसऱ्या कुणाचं नव्हतं. आणि हे तपासलेल्यांचं. आमच्या पोरांना कोण तपासतं? गावातली बहुतेक पोरं आता केसरीसाठी नाही, पोलीस भरतीसाठी घाम गाळतात. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, मैदानी चाचणीचे मिळून 50 गुण. पहाटे साडेचारला ती डांबरी रस्त्यावर पळतात, अंधारात फक्त बुटांचा आवाज येतो. भरतीची तारीख लागली की तालुक्याच्या गावावरून लेबल खरवडलेले भुकटीचे डबे येतात, आणि त्यांच्यासोबत छोट्या बाटल्या आणि सुयाही.

मागच्या भरतीच्या आधी त्यांच्यातलाच एक जण शाळेच्या ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. बाप दुसऱ्याच्या शेतात मिरची तोडायला जातो, तिघा भावंडांत हा मोठा. खिशातून बाटली काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. बोटाएवढी, रबरी बूच, वर इंग्रजी नाव अर्धं पुसलेलं.

"सर, पळायच्या आधी हे घेतलं की दम लागत नाही म्हणतेत. सगळेच घेतेत. मी कामून नको?"

रक्तदाब चढवणारं औषध आहे, काळीज बंद पडू शकतं, हे मी त्याला सांगितलं. मग नरसिंगची पूर्ण गोष्ट सांगितली, जोगेश्वरीच्या दुधापासून रिओच्या त्या न झालेल्या कुस्तीपर्यंत, लवादाने काय म्हटलं तेही. त्याने मधे एकदाच विचारलं, "पण त्यानं खरंच घेतलं व्हतं का?"

"लवादाला तसं वाटलं. तो नाही म्हणतो," मी सांगितलं. "पण बाटली तुझ्या खिशात कुणी टाकली, हे तुला माहीत आहे."

बाटली त्याने माझ्याकडेच ठेवली. भरतीत तो 1600 मीटरला मागे पडला आणि त्याचं नाव यादीत आलं नाही. त्याच्याबरोबर पळणाऱ्या दोघांचं आलं. त्यांनी काय घेतलं होतं की नव्हतं, मी विचारलेलं नाही. तो मात्र पुढच्या भरतीसाठी पुन्हा पळतो आहे, आणि 1600 मीटरची त्याची वेळ तो रोज माझ्या वहीत लिहून जातो.