केडी किती?

१
तीन पोरं मोबाइल गेममधल्या स्क्वाडसाठी चौथा भिडू शोधत होती. आलेल्याला पहिला प्रश्न, "केडी किती?" "साडेतीन." लगेच घेतला. कुठे उतरतो, कसा खेळतो, हेडफोन आहे का, हे कोणी विचारलं नाही.

२
केडी म्हणजे किल-डेथ : किती मारले भागिले किती वेळा मेला. वीस मारून दहा वेळा मेला, केडी २. पाच मारून एकदा मेला, केडी ५. पहिल्याने पंधरा जण जास्त पाडले, ते भागाकारात कुठेच दिसत नाहीत.

३
क्रिकेटची सरासरी याच हिशोबाने निघते : धावा भागिले बाद. मायकेल बेव्हनच्या एकदिवसीय धावा ६,९१२, डाव १९६, त्यांतले ६७ नाबाद. सरासरी ५३.५८. डावांनी भागलं तर ३५ च्या आसपास. बेव्हन मोठाच फलंदाज. शेवटपर्यंत टिकून सामना काढून देणं हेच त्याचं काम होतं. पहिल्या षटकापासून नव्या चेंडूवर बॅट फिरवायला पाठवलेल्या सलामीवीराचं काम वेगळं, म्हणून त्याची सरासरीही आपण वेगळी वाचतो. हे शाळकरी पोरांनाही कळतं.

४
काउंटर-स्ट्राइक हा संघांनी खेळायचा गोळीबाराचा गेम. त्याच्या इन्फर्नो नकाशातली 'बनाना' नावाची वळणाची गल्ली. हल्ला करणाऱ्या पाच जणांना तिथून बी साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या जागी, शिरायचंय. जो पहिला शिरतो त्याला सगळे कोपरे एकदम बघता येत नाहीत. एक बघितला की दुसऱ्यातून गोळी येते. पण गोळी आली म्हणजे शत्रू कुठे आहे ते कळलं, आणि त्याची नळी अजून पहिल्याच्याच दिशेला आहे. तेवढ्यात मागचा भिडू पुढे येतो आणि त्याला टिपतो. याला ट्रेड म्हणतात. साइट मोकळी झाली, बॉम्ब लागला, फेरी जिंकली.

स्कोअरबोर्डवर पहिल्याच्या नावापुढे एक मरण, दुसऱ्याच्या नावापुढे एक किल.

पहिला कोण जाणार हे संघात आधीच ठरलेलं असतं. या खेळात मला सर्वांत जास्त आदर त्या माणसाबद्दल वाटतो.

५
मित्रांना पुढे घालून स्वतः दर वेळी मागून येणारेही असतात. त्यांचा केडी फार चांगला असतो.

६
जीव वाचवणं म्हणजे भ्याडपणा नव्हे, हेही लिहून ठेवतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदूक गेममधल्या पैशाने घ्यावी लागते. एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल ४,७५० डॉलरची. फेरी हातची गेली आहे, आपण एकटे उरलो आहोत, समोर चौघं आहेत. अशा वेळी रायफल घेऊन कोपऱ्यात दडून राहणं हा संघाचाच फायदा. पुढच्या फेरीत तेवढे पैसे वाचतात. पण फेरी अजून जिंकण्यासारखी असताना दडून बसणारा संघाला बुडवतो. केडीच्या दृष्टीने दोघंही जिवंत राहिले, बस्स.

७
साध्या डेथमॅचमध्ये एकाची किल म्हणजे दुसऱ्याचं मरण. स्वतःच्याच ग्रेनेडने मेलेले सोडले, तर सगळ्यांच्या किल आणि सगळ्यांची मरणं यांची बेरीज सारखी. अख्ख्या लॉबीचा केडी १. त्यात गेम तुल्यबळ प्रतिस्पर्धी शोधून देऊ लागला, की जो तो हळूहळू १ कडे सरकतो. खेळ सुधारला तर समोर येणारेही तगडे होतात, आणि आकडा जागच्या जागी राहतो.

उलट बीजीएमआय या मोबाइल गेमच्या खालच्या टियरमध्ये बॉट, म्हणजे गेमनेच चालवलेले खेळाडू, भरलेले असतात. नेम धरून होईपर्यंत ते जणू थांबून राहतात. तेही केडीत जमा होतात.

साडेतीन, पण कोणासमोर?

८
दहा हजार किल, दहा हजार मरणं. केडी १. आता हा खेळाडू दुपटीने सुधारला : पुढच्या शंभर मरणांत त्याने दोनशे मारले. नवा केडी १.०१.

९
मे महिना. स्वस्तातला मोबाइल, चार्जिंगला लावूनच खेळणं चाललंय. मोबाइल तापतो, फ्रेम गळायला लागतात. मघाशी भिंतीपाशी दिसलेला माणूस पुढच्या क्षणी थेट अंगावर. पोरगा मोबाइल उलटा करून पाठीवर फुंकर घालतो आणि पुन्हा लॉबीत जातो. त्याचा नेम वर्गात सगळ्यांत चांगला आहे. केडी १.३.

१०
केडी टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. जिथे संघच नाही, प्रत्येकजण प्रत्येकाच्या विरुद्ध आहे, तिथे तो बरंच खरं सांगतो. एकाच टियरमध्ये, एकाच कामावर असलेल्या दोघांची शेकडो सामन्यांनंतर तुलना केली, तर ०.८ आणि १.६ यांत फरक नक्की आहे. रोज आपलाच कालचा आकडा बघून सुधारणाऱ्याला तर तो उपयोगी पडतोच. माझी तक्रार संघात कोणाला घ्यायचं हे त्या एकट्या आकड्यावर ठरवण्याबद्दल आहे.

११
काउंटर-स्ट्राइकची आकडेवारी ठेवणाऱ्या एचएलटीव्हीने २०१० मध्ये स्वतःचं रेटिंग काढलं. किल, जिवंत राहणं, आणि एकाच फेरीत अनेकांना मारणं. २०१७ मध्ये ते बदललं. दर फेरीत सरासरी किती इजा केली हे त्यात आलं. शिवाय 'कास्ट' आलं : किती टक्के फेऱ्यांत खेळाडूने किल मिळवली, किंवा मदत केली, किंवा जिवंत राहिला, किंवा तो मेल्यावर लगेच त्याचा ट्रेड झाला.

बनानात पहिला शिरणाऱ्याचं मरण तिथे अखेर जमेच्या बाजूला लिहिलं गेलं.

१२
मे २०२२, अँटवर्प. काउंटर-स्ट्राइकच्या मेजर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फेझ क्लॅनने नॅटस विन्सेरेला २-० ने हरवलं. फेझचा कर्णधार कॅरिगन, वय ३२. डाव आखणं हे त्याचं काम. स्वतःच्या संघात त्याचं रेटिंग सहसा तळाला असायचं. समोरच्या संघात सिंपल हा खेळाडू होता. त्या वर्षअखेरीच्या यादीत एचएलटीव्हीने जगात पहिला क्रमांक सिंपललाच दिला.

कॅरिगनच्या संघाचं जिंकणं आणि सिंपलचा पहिला क्रमांक, दोन्ही गोष्टी मला बरोबर वाटतात.

१३
मायक्रोसॉफ्टची ट्रूस्किल पद्धत खेळाडूचा दर्जा ठरवताना फक्त सामन्याचा निकाल बघायची. २०१८ मध्ये ट्रूस्किल २ आली. तिने किल आणि मरणंही हिशोबात घेतली, पण सामना कोण जिंकेल हे सांगायला ती जितकी उपयोगी पडतात तितकीच. हॅलो ५ या गेमचे निकाल जुनी पद्धत ५२ टक्के वेळा बरोबर ओळखायची, नवी ६८ टक्के.

१४
"दोघं आहेत, एक जिन्याखाली, त्याची लाइफ अगदी कमी." हे सांगणारा मेलेला असतो. त्याच्या बोलण्यावर उरलेला एकटा जिन्याकडे वळतो आणि फेरी काढतो. माइक बंद ठेवून खेळणाऱ्याला मी संघात घेणार नाही, केडी दहा असला तरी.

१५
बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांची अलीकडची गुणपद्धत : प्रत्येक फिनिशला (म्हणजे किलला) १ गुण, सामना जिंकणाऱ्या संघाला वर १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५. पूर्वी पहिल्याला १५ मिळत. एक विजय किती फिनिशच्या मोलाचा, यावर निदान तिथे विचार होतो आणि तो बदलतोही. केडीच्या भागाकारात विजयासाठी रकानाच नाही.